एका तांब्याच्या अणूची किमया
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



तांबे म्हटले की आपल्याला मोरचूद आणि बोर्डो मिश्रण आठवते. तेथे तांबे बुरशीला मारते. आज मात्र बुरशीच्याच उपयोगी पडणाऱ्या तांब्याविषयी सांगतो.

फ्युजेरियम वर्गातील एक बुरशी गॅलॅक्टोज ऑक्सिडेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करून बाहेर सोडते. हरभऱ्यावर मर रोग आणणारी बुरशी याच वर्गातली, पण वेगळ्या जातीची.

हे विकर म्हणजे ६३९ अमिनो आम्लांची साखळी. तिच्या घड्या पडून तीन भाग होतात. मधला भाग सात पाकळ्यांच्या फुलासारखा दिसतो. क्ष-किरणांच्या साहाय्याने १९९१ साली ही रचना उलगडली. या फुलाच्या मध्याशी तांब्याचा एकच अणू असतो. दोन टायरोसीन व दोन हिस्टिडीन ही अमिनो आम्ले त्याला धरून ठेवतात.

आता त्याचे काम पाहू. दुधातील साखर ग्लुकोज व गॅलॅक्टोज मिळून बनते. हे विकर गॅलॅक्टोजच्या सहाव्या कार्बनवरून दोन हायड्रोजन काढते व तेथे अल्डिहाइड तयार होते. त्यातून सुटणाऱ्या दोन इलेक्ट्रॉनपैकी एक तांबे घेते, दुसरा टायरोसीन घेते. मग ऑक्सिजन ते घेऊन जातो व हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. विकर पुन्हा कामाला मोकळे! ग्लुकोजला मात्र ते हात लावत नाही. तांबे काढून घेतले, तर काम थांबते.

याचा आपल्याशी संबंध काय? तयार झालेले पेरॉक्साइड मोजून दुधातील साखरेचे प्रमाण काढता येते. गवारीच्या बियांतील डिंकातही गॅलॅक्टोजच्या शाखा असतात. या विकराने त्यांत बदल करून डिंकाचे गुणधर्म बदलता येतात.

पिकांतही तांब्यावर चालणारी विकरे आहेत. चिरलेले वांगे काळे पडते, ते अशाच एका विकरामुळे. म्हणून पिकाला तांबे हवेच, पण अत्यल्प. जास्त झालेले तांबे मुळांना अपाय करते. ते सहजासहजी वाहून जात नाही, जमिनीत साचते. बोर्डो मिश्रण वर्षानुवर्षे फवारलेल्या द्राक्षबागांत हे विशेष लक्षात ठेवावे.

तेव्हा माती परीक्षणात कमतरता दिसल्याशिवाय जमिनीत मोरचूद देऊ नका. आधी माती तपासा, मगच खर्च करा.