नियंत्रकाची निवड

भट्टीवर माणूस नेमताना त्याच्या चपळाईपेक्षा त्याचा भरवसा अधिक पाहिला जातो. भट्टीचे तापमान राखणारा मायक्रोकंट्रोलर निवडतानाही तोच न्याय लागू पडतो. परंतु पुष्कळदा वेगाच्या आकड्यांनीच निवडणाऱ्याचे डोळे दिपतात.

इंटेलने १९८० साली बाजारात आणलेला ८०५१ हा नियंत्रक १२ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर सेकंदाला १० लाखांपर्यंत साध्या आज्ञा पार पाडी. मोठ्या भट्टीचे तापमान अंशभर हलावयास मात्र काही सेकंद लागतात. म्हणजे वेगाची उणीव त्या काळीही नव्हती.

खरी कसोटी निराळीच आहे. सामान्य प्रतीची चिप ० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत चालते, तर औद्योगिक प्रतीची उणे ४० ते ८५ अंशांपर्यंत तग धरते. शेजारची मोटर सुरू होताच विजेचा क्षोभ तारांतून आत शिरतो आणि चालू प्रोग्राम मध्येच अडकू शकतो. अशा वेळी चिपला पुन्हा आरंभापासून कामास लावणारा ‘वॉचडॉग’ हवा. आणि त्या आरंभक्षणी हीटर बंदच राहील, अशी मंडलाची रचना हवी. २०२१ सालच्या टंचाईत चिप मिळेनाशा झाल्या. तेव्हा त्याच जागी बसणारी दुसरी चिप उपलब्ध असणे किती मोलाचे, हे कारखानदारांस उमगले.

एवढे साधूनही, तापमानाने मर्यादा ओलांडताच वीज तोडणारा स्वतंत्र कटआउट हवाच. कारण नियंत्रक कधीतरी बिघडणारच. त्या दिवशी भट्टीपाशी उभा असलेला कामगार सुखरूप राहावा, यातच निवडीचे सार्थक आहे.