यंत्र निकामी कोणी ठरवावयाचे?



धरणाचे उद्घाटन करणाऱ्या मंत्र्याचे नाव कोनशिलेवर कोरले जाते. कालव्यातील गाळ दरवर्षी उपसणाऱ्याचे नाव कोठेच लिहिले जात नाही. संगणकाच्या क्षेत्रातही हाच न्याय चालतो. नवा प्रोसेसर थाटात जाहीर होतो, त्याच्या गतीच्या बातम्या छापून येतात. परंतु तो प्रोसेसर लोकांच्या उपयोगी पडावा म्हणून जे वर्षानुवर्षे प्रोग्रामच्या ओळी दुरुस्त करीत राहतात, त्यांची दखल घेण्याची पद्धत नाही. आजचा विषय त्या दुरुस्तीचा आहे.

लिनक्स ही सर्वांना खुली असलेली संगणक-प्रणाली आहे. तिच्या बहुतेक प्रचलित रूपांत, प्रत्यक्ष प्रोग्राम आणि प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, यांच्या मध्ये एक सामायिक लायब्ररी उभी असते. तिचे नाव ‘ग्नू सी लायब्ररी’. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पासाठी रोलंड मॅकग्रा यांनी त्या दशकाच्या उत्तरार्धात तिच्या लेखनास आरंभ केला. फाइल उघडणे, पडद्यावर अक्षरे उमटवणे, स्मृतीतील मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे, ही रोजची कामे प्रत्येकाने नव्याने लिहीत बसू नये म्हणून ती एकदा लिहून सर्वांसाठी ठेवलेली आहेत.

अडचण अशी की, यंत्रे एका जातीची नाहीत. अक्षरे बाहेर पाठवण्याची जी विनंती कर्नलकडे करावयाची, तिचा क्रमांक इंटेलच्या जुन्या ३२ बिटी प्रोसेसरवर ४ आहे, त्याच्या ६४ बिटी वारसावर १ आहे, आणि ६४ बिटी आर्मवर ६४ आहे. तो क्रमांक प्रोसेसरच्या कोणत्या कप्प्यात ठेवावयाचा, हेही निरनिराळे. काही यंत्रे संख्येचा मोठा भाग आधी मांडतात, काही लहान भाग आधी. म्हणून लायब्ररीचा काही भाग प्रत्येक जातीसाठी स्वतंत्रपणे, पुष्कळदा त्या यंत्राच्याच असेंब्ली भाषेत, लिहावा लागतो. या रूपांतराला ‘पोर्ट’ म्हणतात.

रूपांतर एकदा झाले की काम संपले, हा समज चुकीचा आहे. लायब्ररीची नवी आवृत्ती साधारणपणे दर सहा महिन्यांनी निघते. मधल्या काळात कर्नल बदलतो, कंपायलर बदलतो, आणि प्रत्येक जातीच्या यंत्रावर हजारो चाचण्या पुन्हा चालवाव्या लागतात. एखादी चाचणी एकाच यंत्रावर नापास झाली, तर दोष रूपांतराचा, कंपायलरचा की खुद्द यंत्राचा, हे शोधण्यात दिवस जातात. ते यंत्र हाताशी नसेल तर त्याची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर भागवावे लागते. आणि नक्कल अस्सलाप्रमाणे वागेलच, याची खात्री नसते.

वापरणाऱ्यांशी असलेला अलिखित करारही येथे पाळावा लागतो. २०१० साली ६४ बिटी इंटेल प्रोसेसरसाठी स्मृतीतील मजकूर हलवणारे फंक्शन अधिक वेगवान करण्यात आले. मूळ जागा आणि नवी जागा एकमेकींवर चढत असतील तेथे ते वापरू नये, असा नियम पूर्वीपासूनच होता. फ्लॅश प्लेयर तो नियम मोडून चालत आला होता; बदलानंतर फेडोरा लिनक्सवर त्याचा आवाज बिघडला. नियमावर बोट ठेवून हात झटकता आले असते. पुष्कळ वादानंतर २०११ च्या २.१४ या आवृत्तीत तोडगा निघाला: जुन्या प्रोग्रामांना जुनी वागणूक मिळेल, नव्याने बांधलेल्यांना नवी. सामान्य वापरणाऱ्याला दुसऱ्याच्या चुकीचा दंड भरावा लागू नये, हे तत्त्व त्यात मान्य झाले.

हे कष्ट कोण उपसतो? काही कंपन्यांचे पगारी अभियंते आणि काही स्वयंसेवक. कंपनीला ज्या यंत्राच्या विक्रीत रस असतो, त्याच्या पोर्टला माणसे मिळतात. रस संपला की माणसे काढून घेतली जातात. इंटेल आणि ह्युलेट-पॅकार्ड यांचा इटॅनियम २००१ साली मोठ्या गाजावाजाने बाजारात आला. त्याची शेवटची पाठवणी २०२१ साली झाली, आणि तीन वर्षेही उलटली नव्हती तोच, जानेवारी २०२४ मध्ये, लिनक्स कर्नल आणि ही लायब्ररी या दोन्हींतून त्याचा आधार काढून टाकण्यात आला. ज्यांनी तो काढला त्यांना दोष देता येत नाही. ज्याची निगा कोणी राखत नाही, तो भाग इतरांच्या प्रत्येक सुधारणेच्या आड येतो. एएम३३ नावाचा पोर्ट २०१४ साली वगळला गेला, तेव्हा तो कित्येक वर्षे चालतच नव्हता.

याच्या उलट उदाहरण मोटोरोलाच्या ६८००० घराण्याचे. त्याचा पहिला प्रोसेसर १९७९ चा. त्यावर चालणारे अमिगा आणि अटारी संगणक बाजारातून कधीच गेले. तरीही या घराण्याचा पोर्ट लायब्ररीत टिकून आहे, कारण त्याच्या चाचण्या चालवणारी थोडी माणसे हौसेने उभी राहिली. पोर्टचे मरण यंत्राच्या वयावर ठरत नाही. हात किती उरले यावर ठरते. यंत्र निकामी झाले हा निर्णय विकणाऱ्याने घ्यावयाचा की वापरणाऱ्याने, हा प्रश्न येथेच सुटतो किंवा बिघडतो.

भारताच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या खुल्या आदेशसंचावर आधारलेले आहेत. बर्कली विद्यापीठात २०१० साली जन्मलेल्या या आदेशसंचाला लायब्ररीत प्रवेश मिळाला तो २०१८ च्या २.२७ या आवृत्तीत. जगातील इतरांनी केलेल्या त्या रूपांतराचा लाभ या प्रोसेसरांना आयता मिळतो. सामायिक विहिरीचे पाणी भरणाऱ्याने गाळ काढण्याच्या दिवशी घरी बसणे शोभत नाही. स्वदेशी प्रोसेसरच्या अंदाजपत्रकात आखणी आणि उत्पादन यांच्याबरोबर निगा राखणाऱ्यांच्या कायम वेतनाचा आकडा असला पाहिजे, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी चाचणी चालवून दोष शोधणाऱ्या विद्यार्थ्यालाही नवे यंत्र बनवणाऱ्याइतकेच गुण दिले पाहिजेत. अशी तरतूद झाली नाही, तर आज कौतुकाने जाहीर होणारे यंत्र उद्या चालू ठेवावयाचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार पुन्हा दुसऱ्याच्याच हाती राहील.