किरकोळ उपद्रव

मनुष्यावर येणाऱ्या मोठ्या संकटांची काही ना काही व्यवस्था समाजाने लावून ठेवलेली आहे. घरात कोणी गेले तर शेजारीपाजारी धावून येतात, आग लागली तर बंब येतो, चोरी झाली तर पोलीसचौकी आहे, दुखणे आले तर डॉक्टर आहे. परंतु भर दुपारी डोळा लागतो न लागतो तोच दारावरची घंटा वाजावी, आणि दार उघडताच, "हे पाटलांचे घर नव्हे का? मग वरचा मजला वाटते," एवढे बोलून आलेली व्यक्ती जिना चढून जावी, अशा प्रसंगी सांत्वनास कोणी येत नाही. तक्रार करू जाता घरातली माणसेच म्हणतात, "एवढ्याने काय बिघडले?" बिघडलेले काहीच नसते. झोप मात्र गेलेली असते.

अशा उपद्रवांची गणती करावयाची म्हटल्यास पनवेलसारख्या गावी एक दिवस पुरेसा आहे. सकाळी मोबाईल उघडावा, तो फुलांच्या चित्रांखाली सुप्रभात चिंतिणारे बावीस संदेश. पैकी वीस अशा मंडळींचे, की जी समोर भेटली असता मान फिरवून निघून जातात. खाली उतरावे, तो कोणा अज्ञाताची दुचाकी फाटकास टेकून उभी. दुकानात पन्नास रुपयांचे पोहे घेऊन मोबाईलने पैसे चुकते करावे, तो गल्ल्यावरची बोलकी पेटी त्या रकमेची दवंडी साऱ्या बाजारास पिटते. कर्ज हवे का म्हणून विचारणारा फोन नेमका पहिला घास तोंडात जातेवेळी येतो, आणि ज्याने उभ्या जन्मात कोणाचे चार आणे ठेवले नाहीत, त्यास दिवसातून तीनदा कर्जबाजारी होण्याची गळ घातली जाते. नाक्यावर वाहनांची रांग खोळंबली आहे, पुढे तसूभर जागा नाही, हे डोळ्यांनी दिसत असताही मागचा मोटारवाला हॉर्न वाजवीत राहतो. तो कशासाठी, हे त्याचे त्यासही सांगता येणार नाही.

पूर्वी पनवेल मुके होते असे मात्र कोणी समजू नये. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हापासून मुंबईचा माल येथल्या बंदरात उतरावा व गाड्यांवर लादून घाटावर जावा, असा क्रम होता. बैलगाड्या बांधण्याचा धंदाही येथे भरभराटीस आलेला. सुतारांची ठोकठोक, घुंगरांचा नाद, गाडीवानांच्या आरोळ्या यांना तोटा नव्हता. परंतु तो आवाज कामाचा असे, आणि काम थांबले की थांबे. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली, १९९८ साली मुंबईची लोकल गाडी येऊन पोहोचली, २०१६ साली महानगरपालिका झाली. दरम्यान वाडे पाडले गेले व त्यांच्या जागी उंच इमारती उठल्या. जेथे दोन घरांमध्ये परसू, विहीर आणि एखादे फणसाचे झाड होते, तेथे आता वीतभरदेखील नाही अशी एक भिंत आहे. माणसे पूर्वीपेक्षा अधिक उपद्रवी झाली, की भिंती पातळ झाल्या, याचा निर्णय वाटतो तितका सोपा नाही.

माणसांच्या स्वभावाविषयी म्हणावे, तर महाराष्ट्रात अशा तक्रारींची यादी सतराव्या शतकातच तयार झालेली आहे. समर्थ रामदासांच्या दासबोधातील दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खाची लक्षणे सांगण्यासाठी आहे. पोथी उघडताना मोठ्या पापांची अपेक्षा करावी, तो तेथे भेटतात ती अगदी रोजची माणसे: वाटेने खात खात जाणारा, दुसऱ्याच्या घरी बेसुमार जेवणारा, दोघे जण बोलत असता मध्येच जाऊन बसणारा आणि वर दोन्ही हातांनी डोके खाजविणारा. पुष्कळ लोक जागे असता त्यांच्यात झोपणाराही समर्थांस खटकला. पुष्कळ लोक झोपले असता एकटाच जागणारा आणि आपल्या जागरणाची वर्दी सर्वांस देणारा त्या काळी बहुधा दुर्मीळ असावा. आज समर्थ असते तर एक ओवी वाढली असती. मात्र त्याच समासात आणखी एक लक्षण आहे, ज्याच्याकडे वाचणाऱ्याचे सहसा लक्ष जात नाही. घरात बसून ज्याला सारे शहाणपण सुचते, पण चार लोकांत बोलावयाची वेळ येताच ज्याचे शब्द अडखळतात, त्याचीही गणना तेथे मूर्खातच केलेली आहे.

जुन्या पनवेलीत लाईन आळीच्या बाजूस एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक वृद्ध दांपत्य राहते. गृहस्थ सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, नेमस्त, कोणाच्या अध्यात ना मध्यात. दोन वर्षांपूर्वी पत्नीस मोठे दुखणे जडले आणि दर पंधरवड्यास तिला उपचारांसाठी मुंबईस नेणे भाग पडू लागले. सकाळी जावे, शिरेतून औषध घ्यावे, दुपारच्या गाडीने कुर्ल्याहून परतावे. औषधाने अंग मोडून येई; रात्री झोप अशी लागतच नसे. पतीच्या खांद्यावर डोके टेकून गाडीच्या हेलकाव्यांत तासभर डोळा लागे, तेवढीच काय ती विश्रांती.

एके दिवशी समोरच्या बाकावर एक तरुण येऊन बसला आणि मोबाईलवर चित्रफिती पाहू लागला. प्रत्येक चित्रफीत अर्ध्या मिनिटाची. प्रत्येकीत एक हास्याचा गडगडाट. कानात घालावयाची यंत्रे बाजारात हवी तितकी मिळत असता त्याने ती घातली नव्हती. बाईंचा डोळा दर अर्ध्या मिनिटाला उघडे. गृहस्थ संतापले, आणि मनातल्या मनात वाक्य जुळवू लागले. "तरुण मित्रा, आपली करमणूक आपल्यापुरती ठेवण्याचे सौजन्य दाखविशील काय?" हे वाक्य त्यांनी मानखुर्दला जुळविले, वाशीच्या खाडीपुलावर त्यात दुरुस्ती केली, आणि बेलापूर येईपर्यंत ते इतके घासूनपुसून लखलखीत केले की उच्चारावयाचे राहूनच गेले. खारघरला तो तरुण उतरून गेला. घरी आल्यावर मात्र गृहस्थांनी ते वाक्य हावभावांसह दोनदा म्हणून दाखविले.

तीन खेपांस असाच प्रकार झाला. कधी चित्रफिती, कधी फोनवरचे संभाषण. दुसऱ्याचे फोनवरील बोलणे अधिक का सलते, याचा शोध अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी घेतला असून त्यांचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. दोघांचे बोलणे कानावर पडले तर मन ते बाजूला सारू शकते. परंतु एकाचेच बोलणे ऐकू आले, तर दुसऱ्या बाजूस काय म्हटले गेले असेल याचा तर्क करण्यात मन न सांगता गुंतते व हातचे काम बिघडते, असा त्याचा मथितार्थ. नेरूळपर्यंत एक बाई, "मग ती काय म्हणाली?" एवढेच पुनःपुन्हा विचारीत होत्या. ती काय म्हणाली, हे गृहस्थांस आजतागायत कळलेले नाही, आणि त्याचा त्यांस राग आहे.

चौथ्या खेपेस पुन्हा एक मुलगा, पुन्हा तोच गडगडाट. गृहस्थ वाक्य जुळवू लागले. तोच बाईंनी डोळे न उघडताच म्हटले, "बाळ, तेवढा आवाज कमी करशील का रे? मला बरे वाटत नाही." मुलाने दचकून मोबाईल खिशात घातला, "सॉरी आजी" म्हणाला, आणि थोड्या वेळाने खिडकीची जागाही त्यांस देऊ केली. आपला आवाज कोणास ऐकू जात असेल ही गोष्टच त्याच्या ध्यानात आलेली नव्हती. येथे हेही सांगावयास हवे की पुढच्या पंधरवड्यास दुसऱ्या एकाने त्याच शब्दांना, "झोपायचे तर घरी झोपा," असे उत्तर दिले. तेव्हा गोड बोलल्याने सर्व काही साधते, हे म्हणणे सर्वस्वी खरे नाही. तरीही पाच खेपांत तीनदा न बोलणे आणि दोनदा बोलणे यांचा हिशेब बाईंच्याच बाजूचा ठरतो.

या दुसऱ्या माणसाचा गृहस्थांनी असा राग धरिला की ते कायद्याची पुस्तके चाळू लागले. तेथे सामग्री पुष्कळ निघाली. सार्वजनिक उपद्रवास १८६० च्या दंडविधानात दोनशे रुपयांपर्यंत दंड होता. त्या काळी ती रक्कम म्हणजे सामान्य शिपायाने कित्येक महिने राबून मिळवावी एवढी. पुढे रुपया घसरत गेला, दंड होता तेथेच राहिला. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली, तेव्हा तो एक हजारापर्यंत गेला. रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यातही गाडीत उपद्रव करणाऱ्यासाठी कलम आहे. मोबाईलवर मोठ्याने बोलणे व गाणी लावणे यास मनाई करणाऱ्या सूचना २०२२ च्या जानेवारीत निघाल्या. आणि २००० साली झालेले ध्वनिप्रदूषणाचे नियम तर अगदी मोजून मापून केलेले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. ही मोजणी साध्या बेरजेची नव्हे. दहाची वाढ झाली की आवाजाची शक्ती दसपट होते. रात्र म्हणजे दहापासून सकाळी सहापर्यंत. त्या वेळात ध्वनिक्षेपक उघड्यावर लावता येत नाही; सणासुदीसाठी वर्षातले फार तर पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते.

हे सर्व वाचून गृहस्थांस बळ आले, आणि त्याचा उपयोग करण्याची वेळही लवकरच आली. नवरात्रास पंधरा दिवस अवकाश असता शेजारच्या मैदानात गरब्याचा सराव सुरू झाला व रात्री साडेअकरापर्यंत ध्वनिक्षेपक गर्जू लागला. उत्सवाचे दिवस असते तर गोष्ट वेगळी. हा नुसता सराव. पत्नीची रात्रीची झोप आधीच तुटपुंजी. गृहस्थांनी पोलीस ठाण्यास द्यावयाचा अर्ज सुवाच्य अक्षरात लिहिला आणि तक्रारदारांच्या सह्या घेण्यासाठी ते इमारतीत फिरू लागले. चार सह्या विनासायास मिळाल्या. पाचवे बिऱ्हाड भिंतीपलीकडचे.

तेथे राहणारा मनुष्य न्हावाशेवा बंदरातून कंटेनरची गाडी रात्रपाळीने चालवितो. संध्याकाळी निघावे, भरलेली गाडी घाट चढवून पोहोचती करावी, पहाटे पाचाच्या सुमारास घरी यावे, हा त्याचा क्रम. त्याने अर्ज वाचला, सही केली आणि हसून म्हटले, "काका, मला या स्पीकरचा काही त्रास नाही. रात्री मी घरी असतो कुठे? माझी रात्र सकाळी सहाला सुरू होते." तो एवढेच बोलला. त्याची सहा-सात वर्षांची मुलगी दाराशी उभी होती. ती म्हणाली, "आणि तेव्हाच आजोबांचा रेडिओ लागतो."

आईने तिला आत ओढले. परंतु दार उघडेच होते, आणि आतल्या खोलीतील भिंत गृहस्थांच्या दृष्टीस पडली. तीवर वरपासून खालपर्यंत खिळे मारून एक जाड गोधडी ताणून बसविलेली होती. भिंतीच्या पलीकडे, बरोबर त्याच जागी, त्यांच्या खोलीतील फळी आणि तीवरील रेडिओ. गेली अनेक वर्षे रोज सकाळी सहाच्या ठोक्यास आकाशवाणीची भक्तिगीते लावण्याचा त्यांचा नेम. ऐकण्यास अलीकडे किंचित कमी येऊ लागल्याने आवाज थोडा चढा. सहा वाजता नियमाप्रमाणे रात्र संपते, तेव्हा कायद्याने त्यांस कोणी बोट लावू शकत नव्हते. शेजारी तीन वर्षे तेथे राहत होता. "देवाची गाणी ऐकतात, वडीलधारी माणसे, त्यांना कोण सांगणार?" असे त्याच्या पत्नीने मागाहून बाईंजवळ बोलून दाखविले. तीन वर्षे तो मनुष्य अर्धवट झोपेवर रात्रीचा घाट चढत आणि उतरत होता, हा हिशेब गृहस्थांनी त्या दिवशी केला की नाही, हे कोणास ठाऊक नाही. जेवणावर मात्र त्यांचे लक्ष नव्हते.

अर्ज दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेला. सराव दहाला थांबू लागला.

त्यानंतरच्या सकाळी सहा वाजले आणि घरात काहीच वाजले नाही. थोड्या वेळाने बाई आतून म्हणाल्या, "अहो, रेडिओ बिघडला की काय? मला त्याच्यावरूनच गोळीची वेळ कळते."

गृहस्थांनी रेडिओ फळीवरून काढून स्वयंपाकघरात नेला होता, आणि ते आवाजाची खुंटी शेवटच्या टोकास ठेवून त्याला कान लावून बसले होते. त्यांनी उठून गोळी आणून दिली व घडला प्रकार सांगितला.

"तीन वर्षांत एकदा तरी सांगायचे होते त्याने," बाई म्हणाल्या. "बोलायला काय लागते?"

यावर गृहस्थ काही बोलले नाहीत. पलीकडच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येऊ लागला होता, आणि तो बराच मोठा होता.