दहा वेळा एव्हरेस्ट : आंग रिता शेर्पा



हमालांची आणि कंत्राटी मजुरांची संघटना बांधणाऱ्या माणसाने गिर्यारोहणावर बोलावे, याचे तुमच्यापैकी काहींना नवल वाटले असेल. सह्याद्रीतले दोनचार गड सोडले तर माझा डोंगराशी संबंध नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर. तेथेच हिमालयातील मोहिमांची पुस्तके हाती लागली आणि वाचता वाचता एक गोष्ट खटकू लागली. पुस्तकाच्या आरंभी मोहिमेच्या सभासदांची नावे असतात. ओझी वाहणाऱ्यांची बहुधा नुसती संख्या असते. त्या संख्येतला एक माणूस स्वतःच्या नावाने जगाच्या नोंदीत गेला. त्याची हकीकत मी आज सांगणार आहे.

आंग रिता शेर्पा यांचा जन्म 1948 सालचा. नेपाळच्या सोलुखुंबू भागात थामे नावाचे गाव आहे. तेनसिंग नोर्गे यांचे बालपण गेले तेच गाव. त्याच परिसरातल्या एका वस्तीत ते वाढले. शेर्पा हे धंद्याचे नाव नव्हे, ते एका जमातीचे नाव आहे, हे आपण पुष्कळदा विसरतो. याक चारावेत, बटाटे लावावेत, जमेल तसा तिबेटशी व्यापार करावा, असे या लोकांचे जीवन होते. डोंगराच्या माथ्यावर जाण्याची त्यांना हौस नव्हती. माथे देवांचे होते. साहेब आले आणि मजुरी घेऊन आले, तेव्हा माथ्याची वाट सुरू झाली. आंग रितांना शाळा मिळाली नाही. पंधराव्या वर्षी त्यांनी मोहिमेचे ओझे पाठीवर घेतले.

एव्हरेस्टवर ते प्रथम पोचले 1983 साली, वयाच्या पस्तिशीत. शेवटचे पोचले 1996 साली. मधल्या तेरा वर्षांत एकूण दहा वेळा, आणि दहाही वेळा नळकांड्यातल्या प्राणवायूवाचून.

हे काय आहे ते थोडे समजून घेऊ. एव्हरेस्टची उंची 8,848 मीटरांहून किंचित अधिक. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे एक तृतीयांश उरतो. एका श्वासात आपल्याला येथे जेवढा प्राणवायू मिळतो, त्याचा तिसरा हिस्सा तेथे मिळतो. पावलागणिक थांबावे लागते, भूक मरते, बुद्धी मंद होते आणि शरीर स्वतःचेच स्नायू खाऊ लागते. प्राणवायूशिवाय माणूस वर जाऊन जिवंत परतू शकेल की नाही, याबद्दल जाणत्या डॉक्टरांनाही शंका होती. 8 मे 1978 रोजी मेस्नर आणि हाबेलर या दोघांनी ती फेडली. त्यांची कीर्ती जगभर झाली, आणि ती योग्यच झाली. पुढे पाचच वर्षांनी आंग रिता तेच करू लागले आणि करीत राहिले. फरक इतकाच, की ते मजुरीवर होते.

1984 साली चेकोस्लोव्हाक मोहिमेबरोबर ते वर गेले. बरोबर झोल्तान देम्यान आणि योझेफ प्सोत्का हे दोघे. तिघांनीही प्राणवायू वापरला नाही. उतरताना प्सोत्का मरण पावले. आंग रिता पुढच्या वर्षी पुन्हा शिखरावर होते. कोणी याला धैर्य म्हणेल. मी ते नाकारीत नाही. पण घरी माणसे खाणारी होती आणि हंगाम वर्षातून एकदोनदाच येतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

त्यांच्या कामगिरीचा कळस म्हणजे 22 डिसेंबर 1987. हिवाळ्यात एव्हरेस्ट प्रथम चढले गेले ते 1980 च्या फेब्रुवारीत. पोलंडच्या त्या दोघांनी प्राणवायू वापरला होता. आंग रिता एका कोरियन गिर्यारोहकाबरोबर ऐन डिसेंबरात गेले, आणि तेही प्राणवायूविना. परतताना हवा बिघडली, वाट सापडेना. शिखराच्या थोडे खाली दोघांनी रात्रभर हातपाय हलवीत, कवायत करीत अंगातली ऊब टिकवली, असे सांगतात. हिवाळ्यात प्राणवायूविना शिखर गाठण्याची ही कामगिरी आजवर दुसऱ्या कोणाला साधलेली नाही. नेपाळात त्यांना ‘हिम चितुवा’ म्हणत, म्हणजे बर्फातला बिबळ्या.

आता माझ्या धंद्याचा एक प्रश्न विचारतो. नोंदीत शिखरे मोजली जातात, ओझी कोण मोजतो? खालच्या तळावरून निघाले की खुंबूचा हिमप्रपात लागतो. घराएवढे बर्फाचे कडे तेथे केव्हाही कोसळतात. मोहिमेचा सभासद ही वाट हंगामात थोड्या वेळा ओलांडतो. तंबू, दोर, अन्न आणि नळकांडी वर पोचवणारा कामगार वीसवीस वेळा ओलांडतो. आपल्याकडे 1969 साली माथाडी कायदा झाला, तेव्हा कुठे पाठीवरच्या ओझ्याला हजेरी, रजा आणि फंड ही नावे चिकटली. तोपर्यंत हमाल म्हणजे ओझ्याखालचा बिननावाचा माणूस. हिमालयातही निराळे नव्हते. 1922 साली एव्हरेस्टवर हिमलोट आला आणि सात भारवाहक गेले.

हे लोक मुकाट सोसत होते, असे मात्र समजू नका. 1953 च्या मोहिमेत साहेबमंडळी काठमांडूच्या ब्रिटिश वकिलातीत उतरली आणि शेर्पांना जागा मिळाली मोटारखान्यात. पूर्वी तो घोड्यांचा तबेला होता, शौचकूपही नव्हता. सकाळी शेर्पांनी समोरच्या रस्त्यावर ओळीने उभे राहून लघवी केली. निषेधाचा हा प्रकार मी आमच्या सभासदांना सुचवणार नाही, पण त्यातला मुद्दा कोणालाही समजण्यासारखा होता.

आंग रितांचे उतारवय काठमांडूत आजारपणात गेले. थोरला मुलगा करसांग हाही नऊ वेळा एव्हरेस्ट चढलेला. 2012 साली एव्हरेस्टच्याच कामावर असताना तो वारला. सप्टेंबर 2020 मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी आंग रिता गेले. शिखरांच्या नुसत्या संख्येत थामेचेच अपा शेर्पा आणि कामी रिता त्यांच्या पुढे गेले; कामी रितांनी 2025 च्या मे महिन्यात एकतिसावी खेप केली. प्राणवायूविना दहाचा आकडा मात्र आंग रितांचाच राहिला.

18 एप्रिल 2014 रोजी खुंबूच्या हिमप्रपातात कडा कोसळून सोळा कामगार ठार झाले. सरकारने प्रत्येक घराला प्रथम चाळीस हजार नेपाळी रुपये जाहीर केले. तळावर शेर्पा जमले, मागण्या लिहून काढल्या, आणि वर जाण्यास नकार दिला. मोठमोठ्या मोहिमा सामान आवरून परत फिरल्या. मागणी होती वीस लाखांच्या विम्याची; दहाचे पंधरा लाख झाले. अपा शेर्पा तोवर एकवीस वेळा शिखरावर जाऊन निवृत्त झाले होते. वडील गेल्यामुळे बाराव्या वर्षी शाळा सोडून ओझे उचललेला हा माणूस. त्याने 2006 सालीच बायकामुलांना घेऊन अमेरिकेत बिऱ्हाड केले होते, मुलांना शिकता यावे म्हणून.