आधी हकीकत, मग फाइल



पेशंट खुर्चीत बसायच्या आत एमआरआयची पिशवी टेबलावर येते. "डॉक्टर, सगळं यात आहे." नाही हो, सगळं त्यात नसतं. मला आधी हवं असतं ते एवढंच: कधी सुरू झालं आणि कसं सुरू झालं?

दिवे गेले की वायरमन भिंत फोडायच्या आधी विचारतो, सगळ्या घरातले गेले की एकाच खोलीतले? झटक्यात गेले की आधी लुकलुकत होते? मेंदूचंही तसंच. अर्धं अंग क्षणात लुळं पडलं तर आधी रक्तवाहिनीचा विचार येतो. तेच महिनोन्महिने वाढत गेलं तर गाठीचा. आणि फोटोत भिंत दिसते, तार दिसते, तारेतला करंट दिसत नाही. म्हणून तर फिट येणाऱ्या कितीतरी जणांचा एमआरआय स्वच्छ असतो. पहिला ईईजीसुद्धा पुष्कळदा नॉर्मल येतो, तरी आजार असतो.

परवा एक ताई आल्या. गळ्याला पट्टा, हातात मानेचा एमआरआय, त्यात मणक्यांची झीज. चाळिशीनंतर अशी झीज काही त्रास नसलेल्यांच्या फोटोतही दिसते. विचारलं, मुंग्या केव्हा येतात? "पहाटे जाग येते त्यानं. उठून हात झटकते, मग बरं वाटतं." करंगळीला? "करंगळीला काही नाही." नस मानेत नव्हे, मनगटात दबली होती. नसेची तपासणी नंतर केली, खात्रीपुरती.

पुन्हा सांगतो, कधी आणि कसं. पक्षाघातात तर या 'कधी'वरच उपचार ठरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. झोपेतून उठल्यावर हात चालेना, तर रात्री माणूस धडधाकट शेवटचा कोणी पाहिला, किती वाजता, ते सांगा. तिथे सीटी तातडीनं हवाच. रक्तस्राव आहे की नाही ते त्याशिवाय कळत नाही.

फिट आलेल्याला स्वतःला काही आठवत नसतं. ज्यानं पाहिलं त्याला सोबत आणा, कोपऱ्यावरचा दुकानदार का असेना. मान कुठल्या बाजूला वळली? शुद्धीवर यायला किती वेळ लागला? आधी पेशंटला कुशीवर वळवा, मग दुसऱ्या कोणी मोबाइलवर चित्रण करावं. नाकाशी कांदा, चप्पल काही नको.

पार्किन्सनचं राहिलंच. चालताना एक हात हलेनासा होतो, ते घरच्यांनाच आधी... पण वेळ झाली.