कॅनॉलचा रस्ता, पाणंद आणि सायकल : ओझरच्या आसपास

आजचा भाग सायकलवाल्यांसाठी आहे, पण सायकल नसेल तरी ऐका. कारण विषय खरं तर रस्त्यांचा आहे. म्हणजे अशा रस्त्यांचा, ज्यांच्यावर मागून हॉर्न वाजत नाही.

हल्ली रील्समध्ये फ्रान्सच्या ग्रामीण भागातले ग्रॅव्हल रूट खूप दिसतात. दोन्ही बाजूंना झाडं, मधून खडीची वाट, शेजारी संथ कालवा. त्यातला सगळ्यात गाजलेला कालवा म्हणजे कॅनाल दु मिदी. सतराव्या शतकात खणलेला, २४० किलोमीटर लांब, १९९६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. त्याच्या काठची वाट मुळात घोड्यांसाठी होती. घोडे काठावरून चालत दोरानं नावा ओढायचे. घोडे गेले, वाट राहिली, आणि ती सायकलला मिळाली. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचंही तिकडे तसंच झालं. रूळ काढले, खडी दाबली, गाड्यांना बंदी केली.

आता आपल्याकडे या. जुन्नर तालुका, ओझर. (मॅपवर नुसतं ‘ओझर’ टाकलंत तर तो तुम्हाला नाशिकच्या विमान कारखान्यावाल्या ओझरला नेऊन सोडेल. ‘विघ्नहर’ टाका.) पुण्यापासून साधारण ८५ किलोमीटर. गणपतीला आपण सगळे गाडीनं जातो, दर्शन, मिसळ, नारायणगाव, परत. पण देवळामागं जे पाणी पसरलेलं दिसतं ना, ती कुकडी नदी. आणि ती एवढी रुंद का, तर खाली येडगावला धरण आहे. आपला आजचा रस्ता त्या धरणापासून सुरू होतो.

कुकडी प्रकल्पात पाच धरणं : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातलं डिंभे. डिंभे आहे घोड नदीवर, दुसऱ्या खोऱ्यात. पण त्याचा डावा कालवा आंबेगावातून निघून, डोंगरांची कड धरत, येडगावच्या जलाशयात पाणी आणून टाकतो. आणि येडगावातून निघतो कुकडीचा डावा कालवा, जो पुढे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत थेट करमाळ्याकडे जातो. लांबी अडीचशे किलोमीटरच्या घरात. म्हणजे त्या फ्रेंच कालव्याएवढाच!

आणि कालवा म्हटला की शेजारी वाट आलीच. गावात तिला कोणी सर्व्हिस रोड म्हणत नाही, ‘कॅनॉलचा रस्ता’ म्हणतात. मुरमाचा, कधी नुसत्या मातीचा. पाटकरी आणि खात्याची जीप जावी म्हणून ठेवलेला. सायकलवाल्यासाठी यातली गंमत अशी की पाणी उतारानं वाहायचं तर कालव्याला चढ चालत नाही. म्हणून त्याची वाटही जवळपास सपाट असते. डोंगर आडवा आला की वळसा घालते. सह्याद्रीच्या पायथ्याशी मैलोन्‌मैल सपाट सायकल चालवायला मिळणं, हे पुणे-नाशिक हायवेच्या कडेनं जीव मुठीत धरून जाणाऱ्याला सांगून पटणार नाही.

पण इथे रीलमधलं फ्रान्स संपतं. तिकडची वाट सायकलसाठीच ठरवलेली आहे. इकडची वाट जलसंपदा खात्याची आहे, तिच्यावर पाटी नाही, कठडा नाही, आणि ‘तुम्ही या’ असं कोणी म्हटलेलं नाही. काही ठिकाणी फाटक असतं. बंद असेल तर बंद, सायकल उचलून पलीकडे टाकायची नाही. आणि उन्हाळ्यात आवर्तन सुटलेलं असताना काठावर शायनिंग करू नका. अस्तर केलेल्या कालव्याच्या भिंती उतरत्या आणि शेवाळलेल्या असतात. पोहता येणारा माणूससुद्धा तिथून वर चढू शकत नाही. पाय धुवायलाही खाली उतरू नका. बस, हे एकदाच सांगतो.

कॅनॉल सोडला की दुसरं जाळं लागतं, पाणंद रस्त्यांचं. दोन शेतांमधून जाणारी, बैलगाडीपुरती वाट. गाव नकाशा कधी उघडून पाहिलाय? तलाठ्याकडे असतो, आता ऑनलाइनही दिसतो. त्यात तुटक दुहेरी रेषा दिसतात ते गाडीमार्ग. तुटक एकेरी, ती पायवाट. कुठल्याही सायकल ॲपपेक्षा हा नकाशा भारी आहे. फक्त एक अडचण. नकाशावरची रेषा जमिनीवर असेलच असं नाही. दर नांगरटीला शेजारचा एकेक वीत बांध कोरत जातो आणि वीस वर्षांत बारा फुटांची पाणंद चार फुटांची होते. मग भांडणं, मग तहसीलदार. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा आहे, आणि अडवलेल्या शेतरस्त्यांसाठी लोक आजही त्याच्या कलम ५ खाली अर्ज करतात. एकशेवीस वर्षांपूर्वीचा कायदा अजून कामाला आहे, यावरून रस्त्याचं दुखणं किती जुनं ते कळेल.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. आपल्या सायकल ग्रुपमध्ये एक सूर असतो, ‘अरे, तो मस्त कच्चा रस्ता होता, डांबर टाकून वाट लावली.’ मंडळी, त्या रस्त्यानं टोमॅटोचे क्रेट बाहेर काढायचे असतात. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार भर पावसाळ्यात चालतो, आणि तेव्हाच ही काळी माती चाकाला अशी धरते की ट्रॅक्टर हलत नाही. तुमच्या मडगार्डमध्ये चिखल थापला जातो तेव्हा तुम्ही फोटो काढता. तिथे कोणाचा तरी तोडलेला माल बांधावर सडत असतो. राज्य सरकारनं मातोश्री पाणंद रस्ते योजना काढली ती यासाठीच. तेव्हा डांबर पडलं तर पडू दे. आपण पुढची पाणंद शोधू. मुरूम दाबून नीट केलेली, पाणी न साठणारी वाट दोघांनाही चालते, हेही खरं. पण त्यात शब्द शेतकऱ्याचा आधी.

आता तो प्रश्न, जो तुम्ही मनात विचारताय. बिबट्या.

होय, आहे. चिक्कार आहेत. जुन्नरचा बिबट्या जंगलातून ‘येत’ नाही, तो उसातच राहतो, मादी तिथेच पिल्लं घालते. विद्या अत्रेय यांनी या भागात वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि एक महत्त्वाची गोष्ट दाखवली : पकडून दुसरीकडे नेऊन सोडल्यानं हल्ले कमी होत नाहीत, वाढू शकतात. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे आणि ते भरलेलं असतं. अलीकडच्या काळात या पट्ट्यात लहान मुलं गेली आहेत, माणसं गेली आहेत. ‘बिबट्या दिसला तर काय भारी कंटेंट’ असं म्हणणाऱ्यानं इकडे येऊच नये.

सायकलवाल्यासाठी हिशेब सोपा आहे. चांगलं उजाडल्याशिवाय निघायचं नाही, आणि दिवस मावळायच्या आत हायवेला किंवा गावात. ‘सनराइज राइड’ विसरा. एकटं जायचं नाही. दोन्ही बाजूंना ऊस असेल तिथे गप्पा मारत, घंटी वाजवत जा, आणि कानात इअरफोन नको (आमचा पॉडकास्टसुद्धा नको). बसलेला, वाकलेला माणूस त्याला लहान प्राण्यासारखा वाटू शकतो, म्हणून पंक्चर झालं तर उसाच्या कडेला उकिडवं बसू नका. सायकल ढकलत मोकळ्या वावरात, वस्तीजवळ न्या. ऊसतोड चालू असताना जास्त जपा. फड तुटला की लपण जातं आणि जनावर सैरभैर होतं. शिवाय शिरोलीच्या विघ्नहर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या तेव्हा कुठल्याही अरुंद रस्त्यावर समोर येऊ शकतात.

पंक्चरवरून आठवलं. इथला खरा शत्रू सराटे आणि बाभळीचे काटे. लाखाची ग्रॅव्हल बाइक लागत नाही. जाड टायरची साधी हायब्रिड किंवा जुनी एमटीबी पुरे, पण दोन ट्यूब आणि पंप घ्याच.

कुठे जाल? सोपं हवं असेल तर ओझर ते लेण्याद्री, दोन अष्टविनायक, अंतर साधारण १५ किलोमीटर, शक्य तिथे आतल्या वाड्यावस्त्यांच्या वाटेनं. मला स्वतःला नारायणगावहून खोडदकडची बाजू आवडते. द्राक्षाच्या बागेमागून अचानक ४५ मीटर व्यासाची तबकडी वर येते. जीएमआरटीच्या अशा ३० दुर्बिणी आहेत, त्यातल्या १४ खोडदजवळ एकत्र आणि बाकीच्या १६ तीन दिशांना गावागावांत पसरलेल्या. मोबाइल लहरींचा त्यांना त्रास होतो, म्हणून जवळ गेल्यावर फोन बंद करा. आणि कुकडीच्या काठी बोरी बुद्रुकला नदीच्या थरांत इंडोनेशियातल्या तोबा ज्वालामुखीची राख सापडली आहे. नेमकी कोणत्या उद्रेकाची, यावर अभ्यासक अजून भांडतायत. थांबून बघा, खणू नका.

दम असेल तर जुन्नरवरून नाणेघाट. सातवाहनांच्या काळचा व्यापारी रस्ता, वर नागनिकेचा लेख आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. पण शेवटपर्यंत डांबर आहे आणि पावसाळी शनिवार-रविवारी गाड्यांची रांग असते. मंगळवारी जा.

पाणी वस्तीवर मागा, कोणी नाही म्हणत नाही. ‘काका, ही वाट पुढं निघती का?’ एवढं विचारलंत की मॅप लागत नाही. तुमच्या गावाकडची अशी वाट असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. चला, भेटू.