क्यूआर कोड, कपाट आणि ग्रंथालयाचा तास

शाळेतल्या ग्रंथालयाला कायद्याचा आधार आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असले पाहिजे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची पुस्तके, शिवाय गोष्टींची पुस्तकेही असली पाहिजेत. गोष्टींच्या पुस्तकांचा हा वेगळा उल्लेख मोलाचा आहे. परीक्षेत ज्याचा प्रश्न येत नाही ते वाचणे हाही मुलाचा हक्क आहे, हे त्यात मान्य केले आहे. प्रत्यक्षात मात्र कितीतरी शाळांचे ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतले कुलूपबंद कपाट असते. पुस्तक हरवले तर भरपाई कोण करणार, या धास्तीने ते उघडलेच जात नाही. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, तेव्हा पहिला मान पुस्तकाच्या वापराला दिला होता, जपणूक त्यानंतरची.

नवे तंत्रज्ञान या कपाटापाशी कसे पोहोचते, याचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यात आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरायला सुरुवात केली. धड्याजवळचा चौकोनी ठसा मोबाइलने टिपला की कविता ऐकू येई, पाठाची चित्रफीत दिसे, गोष्ट किंवा स्वाध्याय उघडे. 2017 मध्ये राज्य सरकारने ही पद्धत राज्यभरच्या पाठ्यपुस्तकांसाठी स्वीकारली. 3 डिसेंबर 2020 रोजी डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. दहा लाख डॉलरच्या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

या प्रयोगात पुस्तक बाजूला पडले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कोड छापला गेला तो कागदावरच आणि तो उघडायला मुलाला आधी ते पान काढावे लागले. पण कोड उघडायला यंत्र लागते. घरात एकच मोबाइल आणि तो वडिलांसोबत कामावर, अशी स्थिती सोलापूरच्या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत नवी नाही. अशा मुलासाठी शाळेच्या ग्रंथालयातला एक सामायिक संगणक किंवा टॅब म्हणजे त्या कोडमागचे सगळे जग. ज्याच्या घरी साधन नाही त्याला ते हाताळता यावे, ही ग्रंथालयाची जुनीच जबाबदारी. पूर्वी ती शब्दकोशाबाबत होती, आता यंत्राबाबतही आहे.

त्या यंत्रावर मराठीत वाचण्यासारखे बरेच काही विनामूल्य मिळते. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 साली सुरू झाले. त्याचे जुने अंक आता पडद्यावर वाचता येतात. मराठी विश्वकोशाचे वीस खंडही तसेच खुले आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संचात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू गोष्टीही आहेत. सोलापूरसाठी ही शेवटची बाब विशेष कामाची. या शहरात मराठी वर्गातल्या मुलाची घरची भाषा तेलुगू, कन्नड किंवा उर्दू असणे नेहमीचे आहे. एकच गोष्ट घरच्या भाषेत आणि शाळेच्या भाषेत शेजारी शेजारी ठेवून वाचता आली, तर परकी वाटणारी भाषा लवकर आपली होते. छापील पुस्तकांचे चार भाषांतले चार संच घेणे बहुतेक शाळांना परवडत नाही. इथे तंत्रज्ञान खरोखरच उणीव भरून काढते.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न याहून अवघड आहे. प्रश्नाला उत्तर देणारी ही यंत्रे कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, या हिशेबाने वाक्ये जुळवतात. त्यामुळे उत्तर ओघवते असते, पण ते खरे असेलच असे नाही. अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचे नावही ती ठामपणे सांगू शकतात. इंटरनेटवर मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फार थोडा, म्हणून स्थानिक विषयांत चूक होण्याचा धोका वाढतो. यावर बंदी हा उपाय नाही. ग्रंथालयाच्या तासाला यंत्राची हीच चूक अभ्यासाचा विषय करता येते. उदाहरणार्थ, सोलापूरच्या इतिहासातला एक प्रसंग घ्या. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात उठाव झाला आणि शहरावर लष्करी कायदा लादला गेला. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. नववीच्या विद्यार्थ्यांनी हा प्रसंग आधी यंत्राला विचारावा, उत्तर वहीत उतरवावे आणि मग नावे, तारखा, घटनाक्रम जिल्हा गॅझेटिअर, विश्वकोश आणि ग्रंथालयातल्या इतिहासाच्या पुस्तकांशी ताडून पाहावा. जिथे फरक पडेल तिथे कोणता आधार अधिक विश्वासाचा आणि का, हे त्यांनी स्वतः लिहावे. या एका तासात वाचन, इतिहास आणि यंत्राची पारख तिन्ही शिकून होतात. अशी सवय लागलेला मुलगा पुढे मोबाइलवर आलेला निरोप न तपासता पुढे ढकलणार नाही.

अशा तासाला ग्रंथपाल लागतो. कोहासारखी फुकट मिळणारी प्रणाली पुस्तकांची नोंद आणि देवघेव सांभाळते. पण लाजऱ्या मुलीच्या हाती नेमके कोणते पुस्तक द्यावे, हे तिला ओळखणाऱ्या माणसालाच कळते. पूर्णवेळ ग्रंथपाल नसेल तर ग्रंथालयाचे काम आवड असलेल्या शिक्षकाकडे सोपवावे आणि त्याच्या इतर तासिका तेवढ्या कमी कराव्यात. समग्र शिक्षा योजनेत 2018-19 पासून शासकीय शाळांना स्तरानुसार वर्षाला पाच ते वीस हजार रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. या रकमेतली पुस्तके निवडताना मुलांना विचारले जावे.

नव्या वर्षाचे वेळापत्रक तयार होईल तेव्हा प्रत्येक इयत्तेला आठवड्यातून एक ग्रंथालयाचा तास मिळावा आणि परीक्षा जवळ आल्या म्हणून तो दुसऱ्या विषयाला दिला जाऊ नये, अशी मागणी पालकांनी आणि विद्यार्थी प्रतिनिधींनी शाळेकडे लेखी करावी.